मसुद्यावर आबांचा शेरा

नाशिक,
वसंत पंचमी

चि. नातीस,

तुमच्या बारावीच्या वर्गाच्या निरोप समारंभात वाटावयाच्या पुस्तिकेचा मसुदा पोहोचला. सोबतच्या चिठ्ठीत ‘आबा, फक्त शुद्धलेखन तपासा’ अशी मर्यादा तू घालून दिली आहेस. परंतु ज्याची सारी हयात सिल्वासाच्या महसूल कचेरीत दुसऱ्यांच्या मसुद्यांवर शेरे मारण्यात गेली, त्याच्या हाती लिहिलेला कागद द्यावा आणि त्याने ऱ्हस्वदीर्घापलीकडे नजर टाकू नये अशी अपेक्षा धरावी, हे कोणत्याही कायद्याच्या कसोटीस उतरणारे नाही. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या समासात तांबड्या शाईने केल्या आहेत. हे पत्र म्हणजे उरलेला शेरा समज. तो मान्य करणे अथवा दप्तरदाखल करणे सर्वस्वी संपादिकेच्या मर्जीवर अवलंबून आहे.

सहाध्याय्यांची थट्टेची शब्दचित्रे काढणे हा उद्योग तुमच्या पिढीने शोधून काढला असे तू मानत असशील तर तो गैरसमज दूर कर. शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून शेलापागोट्यांचा समारंभ किती तरी वर्षे चालत आला आहे. चिठ्ठीवर एक ओळ लिहावयाची, ती भर सभेत वाचावयाची, आणि ज्याच्या नावाने वाचली त्याने हसतमुखाने पुढे येऊन ती स्वीकारावयाची, असा त्याचा परिपाठ. त्या ओळींपैकी काही ओळी लोक पुढे जन्मभर अभिमानाने सांगत राहतात, काही ओळी लोक जन्मभर कोणाला सांगत नाहीत, आणि लिहिणाऱ्याला बहुधा दोन्हींची आठवण राहत नाही. म्हणून तुला चार गोष्टी लिहितो.

प्रथम जेथे मी मोठ्याने हसलो ते सांगतो, कारण नुसते दोष काढणारा तपासनीस कोणालाच प्रिय होत नाही. डॉक्टर होऊ घातलेल्या त्या मुलाविषयी तू लिहितेस की, वडापाव खाणार काय असे विचारले असता हा गृहस्थ प्रथम चार पर्याय मागतो, आणि चुकीच्या उत्तरास गुण वजा होतील या धास्तीने उपाशी राहतो. हे उत्तम आहे. हे वाक्य त्या मुलाकडे नीट पाहिल्याशिवाय सुचणार नाही, दुसऱ्या कोणाला लावता येणार नाही, आणि त्यात हसू येते ते मुलाचे नसून ज्या परीक्षेने त्याची भूकसुद्धा वस्तुनिष्ठ प्रश्नात रूपांतरित केली त्या परीक्षेचे आहे. त्याला आणखी एक ओळ जोडता आली तर पाहा. एके काळी तुमच्या सिल्वासाच्या मुलाला वैद्यक शिकायचे म्हणजे सुरत नाही तर मुंबई गाठणे प्राप्त होते. २०१९ मध्ये सिल्वासातच वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, विनोबा भावे रुग्णालय त्यास जोडले गेले, आणि तेव्हापासून ज्या घरात मुलगा आहे त्या घरात एक भावी डॉक्टर आहे असे समजण्याचा प्रघात पडला. या मुलाचा बेत तडीस गेला तर ज्या गुरुजींनी त्याला बाकावर उभे केले त्यांचीच नाडी एके दिवशी त्याच्या हाती येईल. गुरुजींना ही कल्पना आताच दिलेली बरी.

दुसरे स्थळ त्या कलेक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलीचे. वर्गात खडू संपला तर ती खडू आणत नाही, तर खडू संपल्याचा अर्ज सर्वांच्या सह्यांनिशी तयार करते, हे वाचून मला माझ्या जुन्या शिरस्तेदारांची आठवण होऊन गहिवर आला. परंतु तू पुढे ‘स्वप्ने फारच मोठी’ अशी जी पुस्ती जोडली आहेस ती मात्र अज्ञानमूलक आहे. अगं, सिल्वासात कलेक्टर होण्याची इच्छा ही माफक इच्छा होय. १९५४ मध्ये पोर्तुगीजांपासून मुक्ती मिळाल्यावर हा दादरा-नगर हवेलीचा मुलूख काही वर्षे वरिष्ठ पंचायतीच्या कारभाराखाली, म्हणजे कागदोपत्री कोणाचाच नसल्यासारखा, नांदत होता. आणि १९६१ मध्ये तो भारतात विलीन करण्याचा करार करावयाचा तर खुद्द पंतप्रधान नेहरूंच्या सहीशेजारी सही करण्यास तोलामोलाचा माणूस हवा म्हणून के. जी. बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्यास त्या सहीपुरते येथील पंतप्रधान नेमण्यात आले होते. ज्या गावी एका सरकारी नोकराला सहीपुरते पंतप्रधानपद मिळाले त्या गावच्या मुलीने कलेक्टरच्या खुर्चीवर नजर ठेवली तर त्यात मोठे ते काय? ती पुस्ती काढून टाक आणि त्या जागी बदलानींचा दाखला दे. मुलगी तुझे उपकार विसरणार नाही.

लंडनला निघालेल्या मुलाचे चित्र मात्र अर्धे राहिले आहे. तू त्याच्या उन्हाळ्यातल्या कोटाची थट्टा केलीस, त्याच्या इंग्रजी ‘र’काराची केलीस, परंतु त्याच्या बेताच्या पोटात जो खरा विनोद दडला आहे त्याला हात घातला नाहीस. या मुलाचे आजोळ दमण. दमणात १९६१ पूर्वी जन्मलेल्यांनी आणि त्यांच्या मुलानातवांनी आपली जन्मनोंद लिस्बनला रुजू करून पोर्तुगालचे नागरिकत्व घ्यावे, आणि त्या पासपोर्टाच्या जोरावर लंडन अथवा लेस्टर गाठावे, ही वाट तिकडच्या अनेक कुटुंबांनी चोखाळली हे सर्वश्रुत आहे. गंमत पाहा : ज्या पोर्तुगीज अमलाला येथून घालवून देण्यासाठी माणसांनी प्राण पणास लावले, त्याच अमलात आजोबा जन्मले या पुण्याईवर नातू परदेशी जाणार! माझ्या उमेदवारीच्या काळी लोक जुन्या पोर्तुगीज कागदांत आपला अल्वारा, म्हणजे जमिनीची सनद, शोधत, तेरमच्या जमिनीचा दाखला शोधत, कारण १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने त्या धारणापद्धती मोडीत काढल्या आणि कोणाकडे किती जमीन राहणार हा प्रश्न घरोघर उभा राहिला. आता त्याच भाषेतल्या नोंदी लोक मुलूख सोडण्यासाठी धुंडाळतात. आणि यावर कळस असा की, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे सदरहू बेत २०२० अखेर मुदतबाह्य झाला आहे. पोर्तुगालच्या पासपोर्टावर त्याला लिस्बनमध्ये हक्काने राहता येईल, लेस्टरला राहण्यासाठी मात्र इतर चारचौघांसारखा व्हिसा लागेल. म्हणजे त्याने इतकी वर्षे घोटलेला इंग्रजी ‘र’कार बाजूला ठेवून आता पोर्तुगीज क्रियापदे पाठ करावयास हवीत. हे त्याच्या चित्रात यायला हवे. कोट राहू दे, तोही शोभतो.

सुताच्या कारखान्याचा भावी मालक बरा वठला आहे. वडिलांची रात्रपाळी मसाटला, मामांची खडोलीला, आणि हा स्वतः वर्गातल्या टिपणांच्या झेरॉक्स प्रती विकून भांडवल उभे करतो, इतके पुरेसे आहे. करसवलतींच्या आमिषाने या मुलखात एके काळी कारखाने आले, ज्या रस्त्यांच्या कडेस मी गवताच्या गंज्या पाहिल्या तेथे पॉलिएस्टर सुताचे गठ्ठे दिसू लागले. परंतु ही हकीकत त्या मुलाच्या अंगावर लादू नकोस, त्याचे चित्र जड होईल.

आता निम्म्याहून अधिक चित्रांविषयी. तीसेक मुलांच्या वर्गात निदान सोळा-सतराजण ‘मनमिळाऊ, हसतमुख व सर्वांच्या मदतीस धावून जाणारे’ निघाले आहेत. इतके सद्गुण एका वर्गात एकवटले असते तर तुमच्या शाळेस मुख्याध्यापकांची गरज उरली नसती. हे तू आळसाने लिहिलेस, आणि कोणाला दुखवू नये या सद्हेतूचा बुरखा त्या आळसावर घातलास, असा माझा स्पष्ट संशय आहे. ज्याची थट्टा झाली तो निदान पाहिला तरी गेला. ज्याला ‘मनमिळाऊ’ म्हणून वाटेला लावले त्याला समजते की बारा वर्षांत आपल्याकडे कोणी वळून बघितलेच नाही. मागल्या बाकावर बसणाऱ्या त्या मुलीचेच घे. ती काय खाते, कोणती बस पकडते, पावसात दमणगंगेला पूर आला की कोणत्या पुलाच्या बातमीवर तिची शाळा ठरते, गणिताच्या तासाला वहीच्या शेवटच्या पानावर काय काढते, यातले एक जरी तुला ठाऊक असेल तर ते लिही. ठाऊक नसेल तर परीक्षेपूर्वीचे दिवस अजून हाती आहेत, तिच्याशेजारी जाऊन बस.

खानवेलकडच्या वसतिगृहातल्या त्या मुलाविषयी तू दोनच ओळी लिहिल्यास. पहिलीत त्याच्या बोलण्याची नक्कल, दुसरीत ‘भावी बेत : तारपा वाजविणे’. या दोन्ही ओळी मी खोडल्या आहेत, आणि त्यांना तांबडी शाई लावली नाही, कारण हा प्रश्न शुद्धलेखनाचा नव्हे. तो मुलगा घरी वारली बोलतो, बाजारात गुजराती, बसमध्ये हिंदी, वर्गात मराठी आणि परीक्षेपुरती इंग्रजी. याउलट त्याच्या घरच्या बोलीतले एक वाक्य तरी तुला सरळ म्हणता येते काय? २०११ च्या शिरगणतीत दादरा-नगर हवेलीची निम्म्याहून अधिक वस्ती अनुसूचित जमातींची नोंदलेली आहे. वारली, धोडिया, कोकणा, काथोडी ही माणसे येथे होती तेव्हा तुझे पूर्वजच काय, पोर्तुगीजसुद्धा इकडे फिरकले नव्हते. तेव्हा उच्चारांचा विनोद करावयाचाच झाला तर त्याचा विषय कोण व्हावा याचा निवाडा तूच कर. आणि तारपा! भोपळ्याच्या आणि बांबूच्या त्या वाद्यात श्वास तुटू न देता फुंकावयाचे, आणि रात्रभर फेर धरणाऱ्यांची पावले त्या सुरावर चालती ठेवावयाची, हे काम ज्याला साधते त्याच्या छातीची ताकद आपल्या उभ्या घराण्यात कोणाजवळ निघणार नाही. संमेलनात तुम्ही त्याला मंचावर उभे करून वाजवायला लावता, टाळ्या वाजवता, आणि पुस्तिकेत तेच त्याच्या बेताच्या रकान्यात हेटाळणीने लिहिता. हा व्यवहार मला समजला नाही. त्याचा खरा बेत काय आहे? वनरक्षक व्हायचे आहे, शिक्षक व्हायचे आहे, की मोजणी खात्यात जायचे आहे? मसुद्यावरून असे दिसते की हे त्याला कोणी विचारलेलेच नाही. विचार, आणि मग लिही. त्याच्याही बेतात हसण्यासारखे काहीतरी निघेलच, अठराव्या वर्षीच्या कोणाच्या बेतात निघत नाही?

येथे तू म्हणशील की आबा विनोदाला सोवळे नेसवायला निघाले. तसे नाही. मराठी विनोदाचा इतिहास मला थोडाफार ठाऊक आहे आणि तो सोवळ्यात कधीच वाढला नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून लग्नापासून शिमग्यापर्यंत एकही रूढी हसल्यावाचून सोडली नाही. परंतु ते रूढीला हसले, त्या रूढीखाली दबलेल्या माणसाला नव्हे. चिंतामण विनायक जोशी बडोद्यास पाली भाषा शिकवीत आणि पुढे त्या संस्थानचे दप्तर सांभाळीत, म्हणजे आमच्याच धंद्यातले. त्यांचा चिमणराव फजितीच्या सगळ्या कथा स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि त्यात सर्वांत मोठी फजिती सांगणाऱ्याचीच झालेली असते. पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तली माणसे तुला आपल्या गल्लीतली वाटतात, पण ती कल्पनेतून घडवलेली आहेत, तुझी माणसे पुस्तिका वाचली जात असता पहिल्या रांगेत बसलेली असणार, तेव्हा तुझ्यावरची जबाबदारी पु. लं.वरच्याहून जड आहे. माणसाने जे हौसेने अंगावर घेतले आहे, म्हणजे त्याची ऐट, त्याची फुशारकी, त्याचा कोट, त्याचे अर्ज, त्याची चिकाटी, ते सारे तुला खुले आहे, मनसोक्त लुटून घे. जे त्याच्या जन्माबरोबर आले अथवा नशिबाने त्याच्यावर येऊन पडले, म्हणजे त्याची जात, बोली, रंग, उंची, वडिलांची मजुरी, त्याला बोट लावू नकोस. हा नियम मी कचेरीतही पाळला; अर्जदाराच्या अर्जावर कडक शेरा मारावा, अर्जदारावर मारू नये.

या न्यायाने ‘भावी बेत : लग्न’ ही त्या मुलीवरची ओळ जाते. तिने स्वतः हसत सांगितले असेल तर राहू दे, आणि घरच्यांनी ठरवले असेल तर ती थट्टेची बाब नव्हे. दोनदा नापास झालेल्या मुलावरचा विनोद त्याच्याच हस्ताक्षरात घे, तो अधिक खमंग लिहील.

आता मुख्य हरकत. तू प्रत्येक चित्राखाली तीन रकाने आखलेस : नाव, भावी बेत, आणि संभाव्य भवितव्य. दुसऱ्या रकान्यात मुलगा वैमानिक असतो, तिसऱ्यात वापी स्टेशनावर रिक्षा चालवतो. दुसऱ्यात ती लेखिका, तिसऱ्यात पापडाचा गृहोद्योग. हा तिसरा रकाना सबंध काढून टाक. रिक्षा आणि पापड ही हसण्याजोगी कामे आहेत हे तुला कोणी सांगितले, हा एक प्रश्न. परंतु दुसरा त्याहून मोठा आहे, तो असा की भविष्याचा रकाना भरण्याचा अधिकार तुला कोणी दिला?

त्या गाणाऱ्या मुलाखाली तू लिहितेस : ‘बेत : पार्श्वगायन. भवितव्य : बँकेत कारकून.’ १९५४ च्या उन्हाळ्यात सुधीर फडके यांचे असे चित्र कोणी काढले असते तर काय लिहिले असते? गोड गळ्याचा, सौम्य वृत्तीचा संगीतकार. बेत, आणखी काही गोड चाली. त्याच वर्षी हा संगीतकार दादरा-नगर हवेली मुक्त करू निघालेल्या हत्यारबंद स्वयंसेवकांच्या मेळ्यात सामील झाला. त्या मोहिमेच्या खर्चासाठी लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला. जुलैच्या उत्तरार्धात दादरा आणि नरोली पडले, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. मग पुरते वर्षही उलटले नाही तोच, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून तेच गृहस्थ माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ गाऊ लागले. कोणत्या वर्गबंधूने तिसऱ्या रकान्यात हे लिहिले असते? लिहिले असते तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून खोडले असते.

आणि माणसांचे राहू दे, ज्या गावात बसून तू लोकांची भवितव्ये लिहितेस त्या मुलखाचेच भवितव्य कोणाला कधी वर्तवता आले? मराठ्यांच्या आरमाराने ‘संताना’ नावाचे एक पोर्तुगीज जहाज धरले, त्याच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहान्वये वार्षिक १२,००० रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांस लावून देण्याचे ठरले, आणि १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्या हवाली झाली. म्हणजे आपली सारी वस्ती, शेते, देवळे, जंगले एका जहाजाच्या हिशेबात जमेस धरली गेली. तेव्हाच्या कारकुनाने वहीत ‘तात्पुरती व्यवस्था’ असा शेरा मारला असता तरी कोणी हरकत घेतली नसती. ती व्यवस्था जवळजवळ पावणेदोनशे वर्षे चालली. त्यानंतर मुक्ती, मग वरिष्ठ पंचायत, मग पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लढवलेला वाटेच्या हक्काचा दावा आणि त्याचा १९६० चा निकाल, मग ११ ऑगस्ट १९६१ पासून केंद्रशासित प्रदेश, आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवशी एकत्र संसार. माझ्या बदलीच्या हुकमांवर प्रदेशाचे एक नाव होते, तुझ्या गुणपत्रिकेवर दुसरे असेल. अशा गावच्या मुलीने दुसऱ्याच्या आयुष्याचा तिसरा रकाना भरण्यापूर्वी लेखणी जरा थोपवून धरावी. बेत लिही, बेताला हस, बेत म्हणजे माणसाने स्वतः शिवून घेतलेला अंगरखा, तो ढगळ झाला, आखूड झाला, तर त्यावर बोलण्यास हरकत नाही. पुढे काय होईल ते कोरे राहू दे. पानावर जागा उरली तर तेथे सह्या घेता येतील.

तुझे स्वतःचे चित्र मसुद्यात कोठे सापडले नाही. संपादिकेच्या चित्रावाचून अशी पुस्तिका म्हणजे तपासनिसाचा गोपनीय अहवाल होतो. ते सर्वांत आधी छाप आणि सर्वांत कडक लिही. साहित्य लागल्यास तुझ्या आईकडून तपशील मागवता येईल, तिने बरेच जमवून ठेवले आहे. शिवाय प्रत्येक चित्र ज्याचे त्याला आगाऊ वाचून दाखव. जो वाचताना स्वतः हसला आणि आणखी एखादा तपशील पुरवू लागला, त्याचे चित्र साधले असे समज. जो ‘ठीक आहे’ म्हणाला आणि वही मिटून बसला, त्याचे पुन्हा लिही, कारण ‘ठीक आहे’ हा शेरा काय असतो हे मला कचेरीतल्या अनुभवाने पक्के ठाऊक आहे.

प्रती किती काढणार ते कळव. एक प्रत मला टपालाने पाठव. फोनवर छायाचित्र काढून नको, कारण पडद्यावरल्या मजकुरावर मला समास सापडत नाही. परीक्षेच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष होऊ नये, हे लिहिल्यावाचून आजोबांचे पत्र पुरे होत नाही म्हणून लिहिले.

तुझे
आबा

ता. क. लंडनला निघालेल्या त्या मुलाला २०२० ची गोष्ट पुस्तिका छापण्यापूर्वी एकट्याला गाठून सांग. भर सभेत कळली तर बिचाऱ्याचा कोट अंगात राहून बेतच उतरेल.